डोंगरी ते वसई : व्यसनमुक्तीच्या वाटेचा मागोवा

मुंबईकरासमोर ‘डोंगरी’ हे नाव उच्चारले की त्याला सँडहर्स्ट रोडजवळची दाट वस्ती आठवते. येथे अभिप्रेत असलेली डोंगरी निराळी आहे. भाईंदर स्थानकाच्या पश्चिमेकडून निघालेला रस्ता मुर्धा, राई, मोर्वा ही गावे मागे टाकीत, मिठागरांच्या कडेकडेने उत्तनकडे जातो. त्या वाटेवर धारावी बेटाच्या टेकड्यांच्या आश्रयाने हे गाव वसलेले आहे. पुढे तारोडी, उत्तन, पाली, चौक ही गावे आणि त्यापलीकडे अरबी समुद्र. १५३४ पासून येथे पोर्तुगीजांचा अंमल होता. १७३७ ते १७३९ या काळातील मराठे-पोर्तुगीज युद्धात धारावीचे बेट हे झुंजीचे ठाणे ठरले आणि वसईच्या पाडावानंतर हा मुलूख मराठ्यांकडे आला. १७७४ मध्ये साष्टी इंग्रजांनी घेतली. मीरा-भाईंदर नगरपरिषद १९८५ साली स्थापन झाली, तरी डोंगरी, उत्तन, राई-मुर्धा ही गावे तिच्या हद्दीत आली ती १९९० मध्ये. २००२ साली नगरपरिषदेची महानगरपालिका झाली. तात्पर्य, कागदोपत्री हे गाव आता महानगरात आहे, पण त्याचा स्वभाव अजून गावाचा आहे.

या पट्टीतील ख्रिस्ती समाज मराठीच बोलतो. ‘ईस्ट इंडियन’ हे त्याचे नाव १८८७ सालचे. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाला पन्नास वर्षे झाली त्या वर्षी, गोवा व मंगळूरकडून मुंबईत आलेल्या ख्रिस्ती बांधवांहून आपण येथील मूळ रहिवासी आहोत हे सरकारच्या ध्यानी यावे म्हणून, समाजाने हे नाव स्वीकारले. म्हणजे या समाजाचे नावही एका सुवर्णमहोत्सवाचेच अपत्य होय. त्याच्या शेजारी आगरी आणि कोळी. शेती, मीठ आणि मासळी या तीन गोष्टींवर शतकानुशतके सर्वांचा संसार चालला. चर्चची घंटा, देवीची जत्रा, होडीची पूजा, लग्नाचा मांडव, सारे काही सर्वांना ठाऊक. कोणाच्या घरी पाहुणा आला, कोणाची सून माहेरी गेली आणि कोण सायंकाळी झोकांड्या खात घरी परतला, हेही सर्वांना ठाऊक.

अशा गावात एखादा माणूस दारूच्या किंवा अमली पदार्थाच्या पूर्ण आहारी गेला, तर त्याने उपचारासाठी कोठे जावे? या एका प्रश्नाचा माग काढू लागले की दीडशे वर्षांचा इतिहास उलगडत जातो.

माडी, मोह आणि अबकारी

आरंभीच एक गैरसमज दूर करावयास हवा. व्यसन ही या किनाऱ्याची मिरास नव्हे. मारवाडातील घरोघरी पाहुण्याच्या ओंजळीत अफूचे पाणी ओतण्याची रीत होती, ही आठवण भाईंदरमधील अनेक कुटुंबांच्या वृद्धांना असेल. गुटख्याने तर जात, धर्म, शिक्षण यांपैकी कशाचाच मुलाहिजा ठेवला नाही. महाराष्ट्रात त्यावर २०१२ मध्ये बंदी आली, पण ती येईपर्यंत एक पिढी त्याच्या आहारी जाऊन चुकली होती. त्यामुळे किनाऱ्याच्या गावांकडे बोट दाखवून इतरांना सुटका करून घेता येणार नाही.

साष्टी आणि वसई या दोन्ही भागांत ताडाची झाडे विपुल. भंडारी समाज ती छेदून माडी काढी. सूर्य वर येण्यापूर्वी उतरवलेला रस गोड व निर्दोष असतो, तोच काही तास ठेवला की आंबतो आणि मादक होतो. ठाणे जिल्ह्याच्या आतल्या भागात मोहाच्या फुलांची दारू गाळली जाई. ख्रिस्ती घरांत लग्नकार्यात मसाल्याची ‘खिमाड’ देण्याची चाल होती. पिण्याला प्रसंग होता, मोजमाप होते आणि वडीलधाऱ्यांची नजर होती. त्यातून कोणी व्यसनी होत नसे असे नव्हे, परंतु दारू ही विकत घ्यावयाची वस्तू फारशी नव्हती.

हे चित्र इंग्रजी अमलात पालटले. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने दारू गाळणे आणि विकणे यांवर सरकारचे नियंत्रण घट्ट झाले. ताडाच्या झाडावरील कर जड झाला, घरगुती गाळप गुन्हा ठरले आणि दारूचे उत्पादन मक्तेदारांच्या हाती गेले. १८९२ मध्ये तर ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी मोहाची फुले बाळगण्यावरही निर्बंध घालणारा कायदा झाला. परिणाम असा झाला की दारू घरातून आणि मांडवातून उठून गुत्त्यात गेली. गुत्त्याला ऋतू नसतो, सण नसतो आणि वडीलधारा नसतो. सरकारच्या तिजोरीत मात्र अबकारीचे उत्पन्न वाढत गेले. पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना महात्मा फुले यांनी १८८० मध्येच शहरातील दारूच्या वाढत्या दुकानांविरुद्ध लेखी तक्रार केली होती. दारूचा महसूल आणि दारूचे दुःख ही दोन खाती वेगवेगळ्या वह्यांत लिहिण्याची सरकारी सवय तेव्हापासूनची.

देवी आली, देवी गेली

१९२२ साली या किनाऱ्याच्या उत्तरेस एक विलक्षण घटना घडली. पालघरच्या समुद्रकाठच्या मच्छीमार वस्त्यांत देवीच्या साथीच्या शांतीसाठी लोक एकत्र जमू लागले. अंगात आलेल्या व्यक्तीच्या मुखातून देवीची आज्ञा सांगितली जाऊ लागली. ही लाट किनाऱ्यावरून डोंगरात, तेथून धरमपूर-वांसदा या संस्थानांत आणि वर्ष संपण्यापूर्वी सुरत जिल्ह्यातील आदिवासींपर्यंत पोहोचली. तिचे रूप वाटेत बदलत गेले आणि आज्ञांमध्ये प्रमुख आज्ञा ठरली ती दारू-ताडी सोडण्याची. गावेच्या गावे एका दिवसात दारूपासून दूर झाली. पारशी गुत्तेदार हवालदिल झाले. इतिहासकार डेव्हिड हार्डीमन यांनी या चळवळीवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला आहे.

त्यानंतरच्या काही वर्षांत पुष्कळ गावांतील माणसे पुन्हा पिऊ लागली, काही गावांत मात्र निर्धार टिकला. जेथे तो टिकला तेथे शपथेच्या पाठीशी नित्याचे एकत्र येणे, भजन, शाळा, आश्रम असे काहीतरी होते. ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे, कारण पुढे जेव्हा आधुनिक उपचार आले तेव्हा त्यांनीही हाच धडा स्वतंत्रपणे गिरवला.

बंदीची वर्षे

काँग्रेस मंत्रिमंडळाने १९३९ मध्ये मुंबई शहरात दारूबंदीचा पहिला प्रयोग केला. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला आणि १९५० च्या एप्रिलपासून संपूर्ण मुंबई राज्यात दारूबंदी लागू झाली. मोरारजी देसाई यांचे नाव या धोरणाशी कायमचे जोडले गेले. हेतू शुद्ध होता याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण बंदीने दारू संपली नाही, ती लपली. मुंबई परिसरातील खाड्या आणि तिवरांची राने हातभट्टीला सोयीची ठरली. पोलीस येण्याआधी पिंपे चिखलात पुरता येत आणि माल होडीतून हलवता येई. ज्याला पिणे सोडवत नव्हते तो आता रोगी न राहता आरोपी झाला. सधनांसाठी डॉक्टरी दाखल्यावर परवाना मिळे, गरिबाला कोठडी. १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बलसारा खटल्यात कायदा सामान्यतः वैध ठरवून काही कलमे रद्द केली, त्यांत मद्यार्कयुक्त औषधांवरील निर्बंधही होते. मग ‘टिंचर’ पिणारेही निघाले. १९६० आणि १९७० च्या दशकांत बंदी टप्प्याटप्प्याने सैल झाली. कायदा मात्र अद्याप पुस्तकात आहे आणि त्याच्या अक्षराप्रमाणे महाराष्ट्रात मद्य पिण्यास आजही परवाना लागतो, हे पिणाऱ्यांपैकी फार थोड्यांच्या गावी असेल.

या सर्व काळात व्यसनी माणसासाठी ‘उपचार’ म्हणून काय उपलब्ध होते? घरच्यांची मारझोड, देवळातील किंवा चर्चमधील शपथ, भगताचा धागा आणि अगदीच हाताबाहेर गेले तर ठाण्याचे मनोरुग्णालय. ‘याला ठाण्याला पाठवा’ या वाक्याचा अर्थ मुंबई-ठाण्याकडे एकच होतो. भाईंदर तर त्याच जिल्ह्यात. एकदा ‘ठाण्याला’ जाऊन आलेल्या माणसाच्या बहिणीचे लग्न जमणे कठीण होई. त्यामुळे कुटुंबे रोग लपवीत आणि तो वाढू देत. अशा घरात शेवटी यकृत निकामी झालेला देहच रुग्णालयात पोहोचे, आणि मृत्यूच्या कारणात ‘कावीळ’ सांगितली जाई.

नाव न सांगण्याचे औषध

१९३५ साली अमेरिकेतील ओहायो राज्यात ॲक्रन येथे एक शेअरदलाल आणि एक शल्यचिकित्सक, दोघेही पक्के मद्यपी, एकमेकांशी बोलत बसले. बिल विल्सन आणि डॉ. बॉब स्मिथ ही त्यांची नावे. एका मद्यपीने दुसऱ्या मद्यपीला आपली हकीकत सांगितली की दोघांचीही पिण्याची ओढ त्या दिवसापुरती ओसरते, असा त्यांना अनुभव आला. त्यातून ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ ही संघटना जन्मली. तिला फी नाही, अध्यक्ष नाही, सभासदाचे आडनाव विचारण्याची पद्धत नाही. भारतात तिचे कार्य १९५७ पासून सुरू झाले आणि मुंबई हे तिचे आरंभीचे ठाणे होते. पुढे उपनगरांतील शाळांचे वर्ग, चर्चच्या आवारातील खोल्या येथे सायंकाळी तिच्या सभा भरू लागल्या. घरच्या मंडळींसाठी ‘अल्-ॲनॉन’ हा निराळा मेळावा, त्याची स्थापना अमेरिकेत १९५१ मध्ये झाली होती.

या संघटनेचा एक नियम जैन वाचकांस ओळखीचा वाटेल. जन्मभर पिणार नाही, अशी प्रतिज्ञा तेथे घेत नाहीत. केवळ आजच्या दिवसापुरते न पिण्याचे ठरवावयाचे आणि उद्या पुन्हा तेच. नवकारशीचे पच्चक्खाण सूर्योदयानंतर अवघ्या दोन घटिकांचे असते. मर्यादित काळाचा नियम माणूस पाळू शकतो आणि पाळलेल्या नियमातून पुढच्या नियमाचे बळ मिळते, ही जाण दोन्हीकडे आहे. सप्तव्यसनांच्या त्यागात मद्याचा त्याग शास्त्राने केव्हाच सांगितला. परंतु जो आधीच त्यात बुडाला आहे त्याला वर कसे काढावे, ही विद्या वेगळी, आणि ती आधुनिक काळात मोठ्या प्रमाणावर स्वतः बुडालेल्यांनीच विकसित केली, हे मान्य करावयास हवे.

याच परंपरेतून मुंबईत एक मोठे काम उभे राहिले. फादर जो परेरा हे कॅथलिक धर्मगुरू, स्वतः मद्यासक्तीतून बाहेर पडलेले आणि योगाचार्य बी. के. एस. अय्यंगार यांचे शिष्य. त्यांनी १९८१ मध्ये वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चच्या आवारात ‘कृपा फाउंडेशन’ची स्थापना केली. धर्मगुरूने आपले व्यसन उघडपणे सांगणे ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. वांद्र्यातून निघालेले हे काम देशभर पसरले आणि वसईतही कृपाचे केंद्र उभे राहिले. बारा पायऱ्यांच्या कार्यक्रमाला त्यांनी आसन-प्राणायामाची जोड दिली. २००९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

डोंगरीच्या दृष्टीने या घटनेचे महत्त्व दुहेरी होते. वसई खाडीच्या पलीकडे आहे, लोकलने नायगाव आणि मग वसई रोड, फक्त दोन स्थानके. तेथील ख्रिस्ती समाजाची भाषा आणि चालीरीती जवळच्या. त्याहून महत्त्वाचे म्हणजे वसई हे आपले गाव नव्हे. लहान गावातील रोग्याला उपचार हवा असतो तो जवळ, पण फार जवळ नको असतो. गावातच सभा भरली तर तिच्या दाराशी कोणाची चप्पल आहे हे ओळखू येते. ‘अनामिक’ राहण्याचे वचन शहरात सहज पाळता येते. जेथे माणूस चालीवरून ओळखला जातो तेथे ते कसे पाळावे, ही अडचण केवळ डोंगरीची नाही, जगातील प्रत्येक लहान गावाची आहे.

गर्दचा फेरा

१९८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत मुंबईत ‘गर्द’ अथवा ‘ब्राऊन शुगर’ हा हेरॉइनचा अशुद्ध प्रकार आला. पन्नीवर तापवून त्याचा धूर ओढला जाई. दारूला माणसाला पूर्ण गिळण्यास दहा-पंधरा वर्षे लागतात, गर्दने ते काम महिन्यांत केले. कॉलेजातील मुले, टॅक्सीचालक, गिरण्यांच्या संपानंतर बेकार झालेल्यांची पोरे, सगळेच त्याच्या विळख्यात सापडले. १९८५ मध्ये केंद्राने अमली पदार्थविरोधी कायदा केला. शिक्षा कठोर होत्या. पण पुढे त्यात ६४-अ हे कलम घातले गेले. अल्प प्रमाणात पदार्थ बाळगणाऱ्या किंवा सेवन करणाऱ्या व्यसनी माणसाने स्वेच्छेने मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेतला तर त्याच्यावरील खटला टळू शकतो, मात्र उपचार अर्धवट सोडल्यास ही सवलत काढून घेता येते. हे कलम सामान्य कुटुंबाला क्वचितच कोणी समजावून सांगते. पोलिसांच्या भीतीने मुलाला घरात कोंडून ठेवणाऱ्या आईवडिलांना ते ठाऊक असते तर काही मुले वाचली असती.

मराठी समाजाला या संकटाची जाणीव करून दिली ती डॉ. अनिल अवचट यांच्या ‘गर्द’ या लेखमालेने. ती वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई अस्वस्थ झाले व त्यांच्या साहाय्याने २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. त्याचा खरा भार उचलला तो डॉ. अनिता अवचट यांनी. त्या येरवडा मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ होत्या आणि केंद्राची पहिली जागाही त्याच आवारात मिळाली. येरवडा म्हणजे पुण्याचे ‘ठाणे’. त्या कलंकित नावाच्या कुंपणाआत त्यांनी कुलूप, मारहाण आणि अपमान यांना स्थान नसलेला विभाग चालवला. बरे झालेले रुग्णच तेथे कार्यकर्ते झाले. १९९७ मध्ये कर्करोगाने त्यांचे निधन झाले, पुढे कन्या मुक्ता पुणतांबेकर यांनी सूत्रे सांभाळली. अनिल अवचट २०२२ मध्ये निवर्तले. मुक्तांगणचा निवासी उपचार सुमारे पाच आठवड्यांचा. त्याच्या जोडीला रुग्णांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ गट आणि घरी परतल्यावर दीर्घकाळचा पाठपुरावा.

कुलूपबंद खोलीचा धोका

उपचाराची शास्त्रीय बाजू येथे थोडी विस्ताराने सांगणे आवश्यक आहे, कारण तिच्या अज्ञानातून माणसे दगावतात. रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी दारू सोडली, तर सहा ते चोवीस तासांत हात थरथरू लागतात, घाम फुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात. दोन ते चार दिवसांच्या दरम्यान काहींना भ्रम होतो, नसलेली माणसे आणि किडे दिसू लागतात, ताप चढतो, हृदयाची गती बिघडते. औषधोपचार न मिळाल्यास या अवस्थेत मृत्यू येऊ शकतो. गावात मात्र हाच भ्रम ‘बाहेरचे लागले’ म्हणून भगताकडे नेला जाई. प्रेमापोटी भावाला खोलीत कोंडून ‘आता सोडवूनच दाखवतो’ म्हणणारा थोरला भाऊ नकळत त्याच्या जिवाशी खेळत असतो. समुद्रावर गेलेल्या होडीत खलाशाला अशी अवस्था आली तर काय होईल, याची कल्पना करवत नाही. डोलीची जाळी लावणाऱ्या माणसाला थरथरता हात परवडत नाही आणि किनारा काही तासांच्या अंतरावर असतो.

म्हणून पहिले काही दिवस डॉक्टरांच्या देखरेखीखाली, शांत करणारी औषधे क्रमाक्रमाने कमी करीत आणि ‘ब-१’ जीवनसत्त्व देत काढावे लागतात. डायसल्फिराम हे औषध डेन्मार्कमधील संशोधकांनी १९४८ मध्ये पुढे आणले. ते घेतलेल्या माणसाने दारू प्यायली तर शरीरात ॲसिटाल्डिहाइड साठून त्याला असह्य त्रास होतो. नकळत भाजीत मिसळून हे औषध देण्याचा उद्योग काही घरांत चालतो. तो प्राणघातक ठरू शकतो, हे स्पष्ट सांगावयास हवे. गर्दच्या बाबतीत शारीरिक यातना तीव्र असल्या तरी निरोगी माणसाच्या जिवाला धोका तुलनेने कमी असतो. खरा धोका सुटल्यानंतर असतो. सहनशक्ती उतरलेली असते आणि जुन्याच मात्रेने माणूस मरतो. त्यामुळे ब्युप्रेनॉर्फिनसारखे पर्यायी औषध दीर्घकाळ देण्याची पद्धत आता मान्य झाली आहे.

एवढे झाल्यावर उपचाराचा अवघड भाग सुरू होतो, तो घरी परतल्यावर. त्याच नाक्यावर तीच मंडळी उभी असतात. हळदीच्या रात्री तोच पेला पुढे येतो. ‘एकाने काय होतंय रे’ म्हणणारा बहुधा वैरी नसतो, मामा किंवा बालमित्र असतो.

मृत्यूचे आकडे आणि उपचाराचे आकडे

विषारी दारूची दुर्घटना घडली की काही दिवस सर्वांचे लक्ष या प्रश्नाकडे वळते. डिसेंबर २००४ मध्ये विक्रोळीत ऐंशीहून अधिक माणसे मेली. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत शंभराहून अधिक. धारावी बेटाच्या दक्षिणेकडील गोराई-मनोरीहून खाडी ओलांडली की हीच मालवणी. दारूत मिसळलेले मिथेनॉल शरीरात फॉर्मिक आम्लात रूपांतरित होते, प्रथम दृष्टी जाते आणि मग प्राण. मरणारे बहुतेक हातावर पोट असलेले होते. अटका झाल्या, खटले चालले.

दुसरीकडे रोज एकेकाने होणाऱ्या मृत्यूंची बातमी होत नाही. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या ‘एम्स’ने केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणाचा अहवाल २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार देशात सुमारे १६ कोटी लोक मद्यपान करतात आणि ५.७ कोटींहून अधिक लोकांना त्यासाठी मदतीची गरज आहे. मद्यावर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी एकालाच काही ना काही उपचार मिळाल्याचे आढळले, रुग्णालयात दाखल होऊन उपचार घेणारा तर १८० पैकी एक. देशाच्या सरासरीचा हा आकडा आहे. नाक्यावर उभ्या असलेल्या कोणत्याही ३८ जणांची कल्पना केली तरी त्याचा अर्थ कळतो.

लहान वस्त्यांपर्यंत उपचार कसा न्यावा, याचे महाराष्ट्रातील सर्वांत अभ्यसनीय उदाहरण किनाऱ्यावरचे नाही, गडचिरोलीचे आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने व लोकसंघटनांनी चालवलेल्या चळवळीनंतर १९९३ मध्ये त्या जिल्ह्यात दारूबंदी झाली. बंदी पुरेशी नाही हे अनुभवाने कळल्यावर २०१६ च्या सुमारास शासनाच्या सहभागाने ‘मुक्तिपथ’ हा कार्यक्रम आला. गावागावांत समित्या, तालुक्याच्या ठिकाणी नियमित व्यसन-उपचार क्लिनिक आणि प्रत्यक्ष गावात शिबिरे. रोग्याने दूर जाण्याऐवजी उपचाराने ठरलेल्या वारी तालुक्याला यावयाचे. बाजाराच्या दिवशी माणूस तालुक्याला जातो तेव्हा त्याला कोणी ‘कुठे निघालास’ असे विचारत नाही. इतक्या साध्या गोष्टीवर उपचाराचे यश अवलंबून असते.

‘आडवी बाटली’ करून दुकाने बंद पाडणाऱ्या महाराष्ट्रातील स्त्रियांचे धैर्य मोठेच. परंतु दुकान बंद झाल्याच्या रात्री ज्याचे हात थरथरू लागतात त्याच्यासाठी त्या मतदानात काही तरतूद नसते. त्याची बायको मात्र मत देऊन आलेली असते आणि रात्रभर उशाशी तीच बसते.

पावसाळ्याचे साठ दिवस

डोंगरी-उत्तन पट्टीला निसर्गाने एक संधी दिली आहे, तिचा विचार या संदर्भात क्वचितच होतो. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, जाळी दुरुस्तीला, खलाशी मोकळे. हाती वेळ आणि हंगामाचा हिशेब झालेला पैसा, यामुळे हाच काळ पिण्याचाही असतो, हे किनाऱ्यावरची कोणतीही कोळीण सांगेल. पण निवासी उपचाराला पाच आठवडे लागतात, म्हणजे ३५ दिवस. खलाशाला हंगामात ३५ दिवस कोणी सोडणार नाही, आणि सुटला तर घर उपाशी राहील. जून-जुलैमध्ये मात्र तो एकही फेरी न चुकवता उपचार पूर्ण करून नारळी पौर्णिमेआधी घरी परतू शकतो. शिवाय पावसाळ्यात माणूस गावात दिसला नाही तर ‘नातेवाइकांकडे गेलाय’ एवढे उत्तर पुरते. मासळीच्या पैशाचा व्यवहार कोळणींच्या हाती असल्यामुळे हा निर्णयही बहुधा त्यांच्याच हाती असतो.

कायद्यानेही काही दारे उघडली आहेत. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मद्य व अमली पदार्थांच्या सेवनातून उद्भवणाऱ्या विकारांचा समावेश मानसिक आजाराच्या व्याख्येत केला, आणि अशा आजारांना विम्याच्या बाबतीत शारीरिक आजारांच्या बरोबरीने वागवावे असे म्हटले. तो मे २०१८ मध्ये अमलात आला. २०२० च्या स्वातंत्र्यदिनी केंद्राने ‘नशामुक्त भारत अभियान’ आरंभले. १४४४६ ही व्यसनमुक्तीसाठीची राष्ट्रीय मदतवाहिनी आहे. २०२२ मध्ये ‘टेलि-मानस’ची १४४१६ ही दुसरी वाहिनी सुरू झाली. दूरध्वनीवर नाव सांगावे लागत नाही आणि दाराशी चप्पल काढावी लागत नाही, हा लहान गावाच्या दृष्टीने त्यांचा मोठाच गुण. दूरध्वनी पुढची वाट दाखवतो, पण ती चालून जावीच लागते.

तीही वाट थोडी सोपी झाली. पूर्वी डोंगरीहून वसईला जाणाऱ्याला भाईंदर स्थानक गाठून लोकलच्या गर्दीत शिरावे लागे आणि फलाटावर गावातले कोणीतरी भेटेच. फेब्रुवारी २०२४ मध्ये भाईंदर आणि वसई यांच्या दरम्यान खाडीतून रो-रो बोट सुरू झाली. चिमाजी अप्पांच्या फौजांनी ज्या वसईसाठी वेढा दिला, तिच्या किल्ल्याच्या धक्क्यावर ती लागते. तिच्यातून नोकरदार जातात, दुचाकीस्वार जातात, मासळीच्या टोपल्या जातात. एखादी आई आपल्या तरण्या मुलाला घेऊन कठड्याशी उभी असेल, तर ती कोठे निघाली आहे हे शेजारच्या प्रवाशाला कळण्याचे कारण नाही.